नशा आणि नदी

मासे झिंगवणे तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात नदीची धार आटते. खोलगट जागी डोह उरतो. मग गेळाची फळे ठेचायची, डोहात टाकायची आणि पाणी ढवळायचे. थोडा वेळ जातो. मासे झिंगू लागतात. ज्या माशाचा सारा जन्म पाण्यात गेला, त्यालाच पाण्यात सरळ राहता येत नाही. तो एका कुशीवर होतो, गोल गोल फिरतो आणि वर येतो. मग लहान पोरसुद्धा त्याला हाताने धरते.

आता असे पहा. मासा पाण्यातला जीव. पाणी हेच त्याचे घर. झिंग आली तर त्याची ही गत होते. माणूस तर जमिनीवरचा प्राणी. तो दारू पिऊन पाण्यात शिरला, तर त्याची गत काय होईल? मासा निदान वर तरी येतो. माणूस तळाशी जातो.

आपला एटापल्ली तालुका म्हणजे जंगल, डोंगर आणि नदीनाले. तालुक्यातून बांडिया नदी वाहते. ती पुढे इंद्रावतीला जाऊन मिळते. लहान नाले तर मोजताच यायचे नाहीत. उन्हाळ्यात ज्या नाल्यात पायाचा घोटा भिजत नाही, तोच नाला श्रावणात बैलगाडी ओढून नेतो. शेजारच्या भामरागडची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले, म्हणजे भामरागडचा आणि आसपासच्या शंभरावर गावांचा रस्ता बंद. असे एका वर्षी नव्हे, कितीतरी पावसाळ्यांत झाले आहे.

रस्ते होत आहेत. पूलही होत आहेत. तरी पावसाळ्यात आतल्या गावांना डोंग्याशिवाय गती नाही. बाजार डोंग्याने, रेशन डोंग्याने. बाळंतपणाला अडलेली बाईसुद्धा डोंग्यानेच पलीकडे न्यायची. म्हणून डोंगा चालवणाऱ्याच्या पोटात काय आहे, हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नाही. त्याच्या हातात पाच-सहा जणांचा जीव असतो.

"थोडीशीच घेतली आहे"

एक बोलणे ऐका. असे बोलणे कोणत्याही घाटावर ऐकू येते.

"काहून रे बाबू, तोंडाला वास येऊन राहिला! आणि डोंगा सोडतोस?"

"थोडीशीच घेतली आहे, मामा. उगाच घाबरता. ही नदी मी डोळे मिटून पार करतो."

"नदी तू रोज पार करतोस, हे खरं. पण नदी रोज तीच असते का?"

म्हातारा बरोबर बोलला. काल जिथे उतार होता, तिथे आज डोह असतो. वर डोंगरात पाऊस पडतो आणि इकडे ऊन असते. पाणी अचानक गढूळ होते, त्याला फेस येतो, काटक्या-पाने वाहत येतात. शुद्धीतला नावाडी हे पाहतो आणि म्हणतो, "थांबा, वरून पाणी येत आहे." प्यालेल्यालाही ते दिसते. पण त्याला त्याचे काही वाटत नाही.

दारूची पहिली करणी हीच. दारू पोटात गेली की थोड्याच वेळात रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर मेंदूत जाते. पाय लटपटायला वेळ लागतो. त्याच्या आधी अक्कल लटपटते. भीती कमी होते. अंगात बळ आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बळ वाढलेले नसते. धोका ओळखण्याची बुद्धी तेवढी कमी झालेली असते. म्हणून "मला चढलेली नाही" असे जो म्हणतो, त्याच्या म्हणण्यावर भरवसा ठेवू नये. ज्या बुद्धीने चढली की नाही हे ओळखायचे, तीच बुद्धी दारूने आधी धरलेली असते.

पट्टीचे पोहणारे यातच फसतात. ज्याला पोहता येत नाही, तो प्यायला तरी बहुधा काठाशीच राहतो. पोहणारा मात्र सरळ उडी घेतो.

पाण्यात अंगाचे काय होते

माणूस पडत नाही, सरळ उभा राहतो, तो कशामुळे? आपल्या कानाच्या आत खोलवर एक लहानसा अवयव आहे. त्यात पाण्यासारखा रस असतो. आपण वाकलो, वळलो, फिरलो, की तो रस हलतो आणि मेंदूला खबर देतो. त्यावरून आपल्याला वर कुठे आणि खाली कुठे, हे कळते. दारू या अवयवात बिघाड करते. म्हणून प्यालेल्याला खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा घर फिरताना दिसते.

जमिनीवर डोळे मदत करतात. पायाखाली माती लागते. भिंत धरता येते. नदीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांना काय दिसणार? पायाखाली काही नाही, धरायला काही नाही. अशा वेळी सारा भरवसा त्या कानातल्या अवयवावर. तोच झिंगलेला असेल, तर माणसाला वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. वर जातो आहोत असे समजून तो तळाकडे हातपाय मारू लागतो. पोहण्याची सारी कला अंगात असून फुकट जाते.

दुसरी गोष्ट श्वासाची. पाण्याचा घोट चुकून श्वासनळीत गेला की आपल्याला ठसका लागतो. हा ठसका म्हणजे छातीचा राखणदार. प्यालेल्या माणसाचा हा राखणदार पेंगत असतो. पाणी आत शिरते तरी तो नीट हाकलत नाही. त्यात पोटातली दारू उलटून आली, तर ती उलटीही श्वासनळीत जाते. मग कमरेएवढे पाणीही जीव घेण्यास पुरते.

तिसरी गोष्ट गरमीची. पुष्कळ लोक म्हणतात, "थंडीचे दिवस आहेत. रात्री मासे मारायला जायचे. एक घोट घेतला की अंग गरम राहते." हे साफ उलटे आहे. दारूने कातडीखालच्या रक्ताच्या नळ्या फुगतात. आतले गरम रक्त वर कातडीपाशी येते. म्हणून अंगाला ऊब वाटते. पण तीच ऊब कातडीवाटे बाहेर निघून जाते. शेकोटी पेटवायची आणि झोपडीचे दार सताड उघडे टाकायचे, तसा हा प्रकार. त्यातून पाण्यात असलात, तर विचारूच नका. पाणी हवेपेक्षा कितीतरी पट लवकर अंगातली ऊब ओढून घेते. हातपाय गारठतात, बोटे वळत नाहीत, जाळे सुटते, वल्हे सुटते. शेवटी डोंग्याची कड धरायचेही बळ राहत नाही.

आता कोणी विचारील, पिऊन किती वेळाने पाण्यात जावे? याला एकच माप सांगता येत नाही. दारू पचवण्याचे काम काळीज करते आणि ते आपल्या चालीनेच करते. एका लहान पेल्याला साधारण एक तास लागतो. मोहाच्या घरगुती दारूचा कडकपणा कोणी मोजलेला नसतो. एक भट्टी सौम्य उतरते, एक कडक उतरते. संध्याकाळी भरपूर प्यालेला माणूस सकाळीही पुरता उतरलेला नसतो. ताक, लिंबू, चहा, डोक्यावर गार पाणी, यांपैकी कशानेही काळीज घाई करीत नाही. गार पाण्याने झोप उडते, दारू उडत नाही. म्हणून प्यायल्यावर तो सारा दिवस आणि ती सारी रात्र नदीचे नाव काढू नये, हे बरे.

दारूचेच काय, गांजाचेही तसेच. गांजा ओढलेल्याला वेळेचा आणि अंतराचा अंदाज राहत नाही. काठ जवळ आहे असे वाटते आणि तो दूर असतो. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, खोकल्याची काही औषधे यांनीही पेंग येते. दवाखान्यातून औषध आणताना "हे घेऊन डोंगा चालवू का?" एवढे विचारून घ्यावे. ज्याला मिरगी येते त्याने तर शुद्धीत असतानाही एकट्याने पाण्यात उतरू नये.

परतीची फेरी

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून कोणी लादली नाही. जिल्ह्यातल्या लोकांनी, त्यातही बायांनी, कित्येक वर्षे चळवळ केली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग त्या चळवळीत लोकांबरोबर होते. तेव्हा कुठे सरकारने बंदी केली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही २०१५ साली बंदी झाली होती. ती २०२१ साली उठली.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. गडचिरोलीच्या सीमेवर नद्याच नद्या आहेत. चंद्रपूरकडच्या बाजूला वैनगंगा. खाली तेलंगणाच्या बाजूला प्राणहिता आणि गोदावरी. छत्तीसगडच्या बाजूला इंद्रावती. अलीकडच्या काठावर बंदी, पलीकडच्या काठावर दुकान. मग पिणारा काय करतो? तो पलीकडे जातो.

जाताना तो शुद्धीत असतो. ऊन असते. डोंगा नीट लागतो. खरा धोका येतानाच्या फेरीत असतो. तोवर सांज झालेली असते, हवा सुटलेली असते आणि चार जण प्यालेले असतात. त्यांतला एक उभा राहून बोलू लागतो. दुसरा त्याला खाली ओढतो. नावाडी शुद्धीत असला तरी तो एकटा काय करणार? आणि त्यालाही पलीकडे दोन घोट मिळालेले असले, म्हणजे संपलेच. बंदी नको होती असे मी म्हणत नाही. बंदीने पुष्कळ घरे वाचली आहेत. पण बंदीच्या जिल्ह्यात घाटावर जास्त डोळे हवेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

डोंगा म्हणजे काय, ते पुन्हा सांगायला नको. एका झाडाचे खोड कोरून केलेली होडी. तिचे पोट गोल. मधोमध खाली बसले तर ती स्थिर. कोणी एका बाजूला सरकला की ती कलते. कोणी उभा राहिला की ती लोळते. यात शरीराचा तोल सारखा सांभाळावा लागतो आणि नेमका तोलच प्यालेल्याजवळ नसतो. परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेत तटरक्षक दल नावांच्या अपघातांचा हिशेब दरवर्षी ठेवते. ज्या अपघातांत माणसे मरतात, त्यांच्या कळलेल्या कारणांत दारूचा नंबर वर्षानुवर्षे पहिला आहे. फिनलंड नावाचा एक थंड देश आहे. तिथे तळीच तळी. उन्हाळ्याच्या सणाला लोक पितात आणि होड्या घेऊन निघतात. त्या सणात बुडण्याच्या बातम्या तिथे दरसाल येतात. लघवीला म्हणून होडीत उभा राहिला आणि पडला, अशा गोष्टी तिथले लोक सांगतात. हसू येते, पण आपल्याकडे याहून काही वेगळे घडत नाही.

शुद्धीतल्या माणसालासुद्धा नदी कशी धरते, हे कळायला हवे. २३ जानेवारी २०२४ ची गोष्ट. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायच्या मजुरीला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. दिवस थंडीचे, पूर नाही. नाव मध्येच बुडाली. सहा बाया गेल्या. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी आलेली ११ माणसे बुडाली. ही उदाहरणे दारूची म्हणून मी देत नाही. पोट भरायला आणि धर्मकार्याला निघालेल्यांवर जर असा प्रसंग येतो, तर झिंगून निघालेल्यांनी किती भ्यायला हवे, एवढ्यासाठी ती दिली.

सण, रीत आणि ग्रामसभा

पोळ्याचा दिवस घ्या. श्रावणातली अमावास्या. नदी-तलाव भरलेले. सकाळी बैल धुवायला पाण्यात घालायचे. बैल शहाणा प्राणी. खोल लागले की पोहून काठाला लागतो. पण सणाचा दिवस म्हणून धन्याने सकाळीच घेतलेली असते. तो कासरा हाताला गुंडाळून पाण्यात शिरतो. बैलाने हिसका दिला की पाय सुटतो आणि कासरा सुटत नाही. पोळ्याला बैल आधी धुवा, त्यांची पूजा करा, त्यांना गोठ्यात बांधा. कासरा हाताला कधीही गुंडाळू नका, प्याला असा की नसा.

काही जण म्हणतील, "मोहाची दारू आमच्या रीतीतली आहे. पेनाला धार द्यावी लागते. जन्माला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते." खरे आहे. देवाची रीत मोडा, असे हा धडा सांगत नाही. पण पिऊन डोंगा हाकावा, ही रीत कोणाच्या आज्याने घातली? मयताला पलीकडच्या गावी गेलात, तर रात्री तिथेच मुक्काम करावा. मोहाचे झाड आपल्याला फूल देते, टोळीचे तेल देते, अन्न देते. त्याच्या नावाने घरात मयत का आणावे?

यावर गावाला काही करता येते. १९९६ साली पेसा कायदा झाला. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. नशेच्या पदार्थांवर बंदी घालणे, त्यांच्या विक्रीला व वापराला आवर घालणे, हा ग्रामसभेचा अधिकार त्या कायद्याने मान्य केला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर त्याच्याही आधी, बायांच्या आग्रहाने, आपल्या गावापुरता दारूचा निर्णय आपणच केला होता. मग घाटापुरता निर्णय करणे काय अवघड आहे? प्यालेल्याने वल्हे धरायचे नाही. प्यालेल्याला डोंग्यात घ्यायचे नाही, मग तो पाटील असो की जावई असो. डोंग्यात किती माणसे घ्यायची ते ठरवायचे. हे ठराव वहीत लिहायचे. आता तुम्हाला लिहिता येते. घाटावरच्या पाटीवरही ते लिहिता येतील.

नावाड्याची बाजूही पाहिली पाहिजे. तो दिवसभर ओल्या अंगाने उभा असतो. रात्री-बेरात्री लोक त्याला उठवतात आणि मजुरी म्हणून पुष्कळदा बाटलीच देतात. ही मजुरी देणारे आपणच ना? त्याला पैसे द्या, तांदूळ द्या, गरम चहा द्या.

डोंग्यात आणखी एक वस्तू असावी. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावलेला. तो नसेल तर वाळलेला तुंबा. त्याला लांब दोरी बांधून ठेवावी. माणूस पडला की डबा त्याच्याकडे फेकायचा. धरून राहायला तो पुरतो. कोकणात, गोव्यात किनाऱ्यावर पगारी जीवरक्षक असतात. आपल्या घाटावर तो डबाच जीवरक्षक.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस ओरडत नाही. श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कशाने? तोंड वर, हात पाण्यावर आपटतो आहे, बोलत नाही, असे दिसले की समजा, हा बुडतो आहे. तो मस्करी करतो आहे असे समजून हसत बसू नका. प्यालेल्यांच्या घोळक्यात असेच होते. एक बुडत असतो आणि बाकीचे हसत असतात.

त्याच्यामागे एकदम उडी टाकू नका. बुडणारा वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावर पालथे पडून बांबू पुढे करा. दोरी फेका, धोतर फेका, लुगडे फेका, डबा फेका. डोंगा असेल तर डोंगा न्या.

बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्याने पोटातले पाणी निघते, पण गरज असते ती श्वासाची. पोट दाबल्याने उलटी होऊन ती श्वासनळीत जाते. छाती हलते का ते पहा. हलत नसेल तर त्याला सपाट जागी उताणे निजवा. डोके मागे करा, हनुवटी वर उचला. नाक चिमटीत धरा. आपले तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावून फुंकर घाला. छाती वर आली पाहिजे. आधी अशा दोन ते पाच फुंकरा घाला. तरी हालचाल नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून भराभर, जोराने ३० वेळा दाबा. मग दोन फुंकरा. पुन्हा ३० वेळा दाबा. तो श्वास घेईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नका. थकलात तर दुसऱ्याने करावे. एकाने हे करावे आणि दुसऱ्याने १०८ नंबरला फोन लावावा. तिथे फोन लागत नसेल, तर एक माणूस धावत पाठवावा.

श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. प्यालेला असेल तर हे विसरूच नका. तो उलटी करणार हे धरून चाला. ओले कपडे काढा, कोरडे घोंगडे गुंडाळा. अंग गरम व्हावे म्हणून दारूचा घोट पाजण्याची चाल आहे. तो घोट त्याला देऊ नका. ज्याची ऊब आधीच गेली आहे, त्याची उरलीसुरली ऊब त्याने जाते.

तो उठून बसला, बोलू लागला, "मला काही झाले नाही, घरी जातो" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्या. छातीत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते. दम लागतो, ओठ निळे पडतात. रात्री झोपेत हे झाले तर घरच्यांना कळतही नाही. त्यामुळे ती रात्र त्याने दवाखान्याच्या खाटेवरच काढलेली बरी.